शपथेनंतरची तिसरी रात्र

कोल्हारला भगवतीमातेचे घट बसले की काही पुरुष घरच्यांच्या देखत शपथ घेऊन दारू सोडतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं अशी एकाएकी सोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एखाद्याला भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसांच्या हाका ऐकू येतात. मग कुणी म्हणतं बाहेरचं लागलं, कुणी म्हणतं देवी कोपली. हा दारू अचानक तुटल्याचा परिणाम असतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्याच्या शपथेत काही खोट नसते, पण सोबतीला डॉक्टर हवा.

मला त्याहून जास्त छळतो तो शपथेआधी कुणीच न विचारलेला प्रश्न: प्यायला लागण्यापूर्वी हा माणूस कसा होता? रात्र-रात्र जागत होता का? उगाच संशय घेत होता का? बाई रडली तर चार जणी जवळ बसतात. पुरुष खचला तर मित्र म्हणतो, ‘चल, बसू.’ त्या रात्री झोप लागते. उदासी मात्र दारूनं आणखी गडद होते. आधी मनाचा आजार की आधी दारू, हे पहिल्याच भेटीत कळत नाही. दारू थांबल्यावर काही आठवड्यांत अनेकांचं मन सावरतं. ज्यांचं सावरत नाही, त्यांच्या मनाच्या आजारावरही औषध लागतं. एकावरच इलाज केला, तर दुसरा पुन्हा खाली ओढतो.

कोल्हारच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत, पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारेंनी स्वतः सांगितलं आहे. त्या गावात थांबलेल्या दारूचं मोल मी मानतो, ती शिक्षा मात्र मला मान्य नाही. बांधलेल्यांत कुणी मनानं आजारी असेल, तर त्याला त्या फटक्यांनी काय दिलं? दारू सुटावी म्हणून चहातून गुपचूप गोळी देणंही तसंच. पिणाऱ्याला न सांगता दिलेल्या डायसल्फिरामच्या अशा गोळीवर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्थांनाही आजारच मानलं आहे. आजाऱ्याला विचारूनच औषध द्यायचं असतं.

लोणीचं प्रवरा रुग्णालय कोल्हारहून जवळ आहे. टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. डॉक्टरांना घरचा माणूस किती पितो एवढंच सांगून थांबू नका. त्याची झोप, त्याचे संशय, आणि ‘मरून जावं वाटतं’ असं तो कधी बोलला असेल, तर तेही सांगा.