माईक तरुणांकडे, किल्ली वडिलांकडे

मंडळीत नवे पुढारी तयार होत नाहीत, ही तक्रार हल्ली प्रत्येक वार्षिक सभेत होते आणि तिच्यावरचा उताराही ठरलेला असतो: दोन दिवसांचे शिबिर, प्रोजेक्टर, बाहेरून आणलेला वक्ता, शेवटी प्रमाणपत्र. व्यवस्थापनशास्त्राला शास्त्रवचने चिकटवून पाळक घडत नाहीत. पवित्र आत्माच माणसे उभी करील म्हणणाऱ्यांनी निदान आपल्या आळसाला आत्म्याचे नाव देऊ नये. या दोघांशी वाद घालण्यात हशील नाही. वाद आहे तो तिसऱ्या, शहाण्या दिसणाऱ्या मताशी: आधी तयारी, मग जबाबदारी.

हे मत मिशनच्या काळापासून आपल्या अंगवळणी पडले आहे. अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे रुफस अँडरसन १८५४-५५मध्ये इकडे आले ते याच्या उलट आग्रह घेऊन. मंडळी स्थानिक पाळकाच्या हाती द्या, त्याचा खर्च तिनेच उचलावा, असे ते म्हणत. अहमदनगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक पाळक झाले. तरी पुढे कित्येक वर्षे पैशाच्या नाड्या मिशनच्याच हाती राहिल्या. त्याचेच उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५मध्ये बाप्तिस्मा, मग अध्यापन, भजने, कीर्तने, ‘ज्ञानोदय’चे संपादन. एवढे करून १९१७मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र ‘देवाचा दरबार’ मांडला. ही कविमनाची लहर होती असे म्हणून मोकळे होता येते. मला मात्र त्यात दुसऱ्याच्या पगारावर आपल्या माणसांचे पुढारीपण करण्याचा कंटाळा दिसतो. त्यांची तयारी कुठे कमी पडली होती?

‘आधी तयारी’वाले तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पुढे करतात: नवशिक्याला अध्यक्ष नेमू नये. मान्य. पण तो सल्ला इफिसच्या जुन्या, रुळलेल्या मंडळीसाठी होता. प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय वाचा. लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया इथे पौल आणि बर्णबा परतीच्या वाटेवर वडील नेमतात, उपास करतात, प्रार्थना करतात आणि निघून जातात. त्या मंडळ्यांचे वय फार तर महिन्यांत मोजायचे. सेमिनरीत शिकलेले ग्रीक-हिब्रू वाया जात नाही, कच्च्या शिकवणीने मंडळ्या फुटतात, हेही मी मानतो. तरीही प्रश्न उरतोच: तयारी पुरी झाली हे ठरवणार कोण? ज्याच्या हाती किल्ली तोच. म्हणून ती कधीच पुरी होत नाही. पंचविशीत पोर लहान असते, पस्तिशीत संसारात अडकलेले, आणि चाळिशीत ते पुण्याला निघून गेलेले असते.

माझ्या मते सारे एका भेदावर येऊन ठेपते. काम देणे वेगळे, हिशेब हाती देणे वेगळे. उपासना संपल्यावर कोणत्याही मंडळीत पाहा. तरुण मुले कीबोर्ड आवरतात, खुर्च्या रचतात, संडेस्कूलची चित्रे गोळा करतात. आतल्या खोलीत दोन-तीन वडीलधारे अर्पणाच्या पिशवीतले पैसे टेबलावर ओतून मोजतात, वहीत आकडा लिहितात, कपाटाला कुलूप लावतात. मुलांना आपण कामाला लावले आहे, कारभारात घेतलेले नाही. शिबिराने या खोलीचे दार उघडत नाही. ज्याला पाळकाचे मानधन आणि गळक्या छपराचा खर्च यांतून एक निवडावा लागतो, तो महिनाभरात प्रशिक्षित होतो. चुकेलही. वडीलधारे चुकत नाहीत असे थोडेच आहे!

जयगडसारख्या गावी तर तिथल्याच माणसांच्या हाती कारभार देणे टाळताच येणार नाही. बंदर आणि वीजप्रकल्प यांमुळे तिथे माणसे बदलीवर येतात, जातात. अशा ठिकाणी चार ख्रिस्ती कुटुंबे घरात उपासनेला बसली, तर कायमचा पाळक कुठून आणणार? जयगडच्या उत्तरेला बाणकोटात स्कॉटिश मिशनने १८२३मध्ये ठाणे मांडले आणि काही वर्षांतच ते मुंबई-पुण्याकडे सरकले. बाहेरून आलेला पुढारी बाहेर जातोच.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत शिबिराचा ठराव बाजूला ठेवा. तिशीच्या आतल्या एका मुलीला किंवा मुलाला खजिनदार करा, बँकेत तिची किंवा त्याची सही द्या, आणि पहिले वर्षभर वही मागू नका, ती सभेपुढे येईपर्यंत थांबा.