गरुडाचें वैभव आणि गिधाडाचें ऋण

हिमालयाच्या शिखरांभोंवतीं घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचे आपण मनांतल्या मनांत केव्हांच दोन वर्ण करून टाकले आहेत. सुवर्ण गरुड हा राजा. तो चकोरावर वा सशावर झडप घालतो, त्यास आपण शौर्य म्हणतों. त्याच वाऱ्यावर तरंगणारें गिधाड मात्र अमंगळ! लोभी माणसाची निर्भर्त्सना करावयाची झाली कीं त्याचेंच नांव आपल्या तोंडीं येतें. ही वांटणी न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

गरुड जिवंत प्राण्याचा वध करतो. हिमालयीन गिधाड मेलेल्या याकाचें वा मेंढीचें मांस खातें. सर्वांचें पोट भरल्यावर दाढीवालें गिधाड येतें. त्याचा मुख्य आहार हाडें. मोठें हाड तें उंच नेऊन खडकावर टाकतें, आणि फुटलेले तुकडे गिळतें. त्याच्या जठरांतील तीव्र आम्लांत तेही विरघळतात. सुमारें अडीच मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी इतरांनीं टाकून दिलेल्यावर जगतो.

कोणी म्हणेल, हें सर्व पोटासाठीं. यांत पुण्य तें कसलें? आक्षेप खरा आहे. पण मग गरुडाचें शौर्य तरी पोटासाठींच नव्हे काय? एकाच्या भुकेस पराक्रम आणि दुसऱ्याच्या भुकेस अधाशीपणा म्हणण्यांत पक्ष्यांचे गुण दिसत नाहींत. आपली रुचि तेवढी दिसते.

ही रुचि निरुपद्रवी नाहीं. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे सर्वत्र आढळणारीं पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ या काळांत भारतांत शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. गुरांस वेदनाशामक म्हणून दिलेलें डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसांतून त्यांच्या पोटांत जाई आणि मूत्रपिंडें निकामी करी. हें कारण २००४ सालीं उमगलें. गुरांसाठीं त्या औषधावर आपल्याकडे २००६ सालीं बंदी आली. तोंपर्यंत सामान्य माणसानें हळहळ ती किती केली? पुढें राजस्थानांत मेलेल्या दोन नेपाळी गरुडांच्या देहांतही तेंच औषध सांपडल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. तो गरुडही मृत मांस खातो. विषानें आपला वर्णभेद मानला नाहीं.

वाल्मीकींनींही तो मानला नव्हता. त्यांचा जटायु अरुणाचा पुत्र, म्हणजे गरुडाचा पुतण्या. आणि त्या गृध्राचा अंत्यसंस्कार प्रत्यक्ष रामानें केला. रामकथा घरोघरीं ऐकणाऱ्या समाजानें गृध्राचें नांव शिवी म्हणून वापरावें, हें आश्चर्य नव्हे काय?

मारणाऱ्यास सिंहासन आणि घाण दूर करणाऱ्यास वेशीबाहेरची जागा, हा न्याय आपण पक्ष्यांपुरताच ठेवलेला नाहीं; माणसांसही लावला आहे. ज्याच्या श्रमानें आपलें अंगण निर्मळ राहतें, त्याच्याकडे पाहून नाक मुरडणें ही शुचिता नव्हे, कृतघ्नता होय.