ऋण लिहून ठेवावे

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला आपण मुलाबाळांसह दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो आणि एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करतो. मृत्यूकडे इतक्या श्रद्धेने पाहणारा आपला समाज एका गोष्टीविषयी मात्र मौन पाळतो. घरातील वृद्ध माणसाच्या पश्चात घर कोणाचे आणि त्याला सांभाळणाऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न काढणे आपण अशुभ मानतो. या मौनाची नैतिक तपासणी करावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचे लष्कराशी जुने नाते आहे. शहरात रणगाडा दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. खेडोपाडी सैन्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. राहुरी तालुक्यातील अशाच एका निवृत्त हवालदारांकडे आमचे जाणे-येणे असे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून बांधलेले दोन खोल्यांचे घर आणि दरमहाचे निवृत्तिवेतन, एवढीच त्यांची मिळकत. पत्नी आधीच निवर्तली होती. थोरला मुलगा पुण्याला, मुलगी सासरी आणि धाकटा अपघातात गेलेला. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या या वृद्धाला सात वर्षे भरवले, त्यांची कूस बदलली, ती त्या धाकट्याच्या विधवेने. तिला मूलबाळ नव्हते. "घर हिचंच," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लिहून मात्र काहीच ठेवले नाही. ते गेले आणि महिन्याची मिस्सा होण्यापूर्वीच घर विकण्याची बोलणी सुरू झाली.

थोरल्या मुलाने कायद्याविरुद्ध काही केले नव्हते. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार, मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि बाकीचे मुलगे व मुली यांना समसमान मिळते. पत्नी हयात नसेल तर सारेच मुलांना. आधी वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुले येतात. त्याची विधवा येत नाही. सासऱ्याच्या निवृत्तिवेतनावरही सुनेचा हक्क नसतो. कायदा रक्ताचे नाते पाहतो. सेवेचे ऋण फेडायचे असेल, तर ते ज्याच्यावर आहे त्यानेच मृत्युपत्रात लिहून ठेवले पाहिजे.

आपला शब्द पुरेसा आहे, असे हवालदारांना वाटत होते. एके काळी तो खरोखरच पुरला असता. मोहिमेवर असलेल्या किंवा प्रत्यक्ष युद्धात गुंतलेल्या सैनिकाने दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलेली इच्छाही याच कायद्याने मृत्युपत्र ठरते. परंतु ही सवलत संपल्यावर सैनिक हयात असेल, तर एका महिन्याने ते तोंडी मृत्युपत्र निरर्थक होते. घरी परतलेल्या सैनिकाला इतरांप्रमाणेच लेखी मृत्युपत्र करावे लागते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मात्र ज्याला काही द्यायचे त्याने किंवा त्याच्या पती-पत्नीने साक्षीदार होऊ नये. झाल्यास ते देणे निष्फळ ठरते. शिवाय मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला, तर ते मृत्युपत्र रद्द होते, हेही ध्यानात असावे.

मग हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळे का होऊ नये? येथे धोका उलट बाजूने आहे. जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आपण मुलांच्या हाताकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे पाहावे, असा सल्ला बेन सिराने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने वृद्धांना थोडा आधार दिला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ नाकारल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मिळवता येते. ही अट हस्तांतरणाला जोडलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तेथेही सांभाळाचे लेखी वचनपत्र आईच्या उपयोगी पडले.

पोटच्या मुलाकडून अट लिहून घेणे हा अविश्वास नव्हे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आपण विवाहाचा विधी आठवावा. वधूवर एकमेकांना वचन देतात, साक्षीदार सह्या करतात आणि चर्चच्या नोंदवहीत नोंद होते. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. वचन मोलाचे आहे, म्हणूनच ते साक्षीने दिले जाते. म्हातारपणाच्या सांभाळालाही हाच न्याय लावावा.

अर्थात मृत्युपत्राचे हत्यार करून मुलांना धाकात ठेवणारे वडीलही आम्ही पाहिले आहेत. तोही अन्यायच. तसेच चर्चला देणगी ठेवण्याविषयी. धर्मादाय देणग्यांवरील जाचक कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केल्यापासून आपण त्या बाबतीत मोकळे आहोत. पण देवाला अर्पण केल्याचे सांगून आईवडिलांना वंचित करणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले होते. उशाशी बसून सेवा करणाऱ्याला रिक्तहस्ते ठेवून वेदीला दिलेले दान त्याला रुचेल, असे आम्हांस वाटत नाही.

सेवा करणारा स्वतः कधी मागत नाही. मागितले तर सेवेला हिशेबाचा डाग लागेल, अशी त्याला भीती वाटते. म्हणून बोलण्याचे कर्तव्य सेवा घेणाऱ्याचे आहे, आणि ते बुद्धी शाबूत आहे, हात सही करू शकतो, तोवरच पार पाडता येते. या नोव्हेंबरात दफनभूमीतून परतल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी सर्व मुलांना, सुनांना आणि जावयांना जवळ बसवून हा विषय काढावा. हवालदारांचे घर विकले गेले. ती सून आता दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते आणि दर वर्षी त्यांची कबर तीच स्वच्छ करते.