आनंदाचे ऋण

अधिकारपद गेले की नमस्कारही ओसरतात, हे आम्हां सरकारी चाकरीतल्यांस कोणी शिकवावयास नको. गारिंचाचे तसे झाले नाही, म्हणूनच त्याची कथा आम्हांस विचारात पाडते. ब्राझीलचा हा फुटबॉलपटू वाकड्या पायांचा. पण १९६२ साली चिलीतील विश्वचषक स्पर्धेत पेले जायबंदी झाल्यावर याच पायांनी संघाला अजिंक्यपदापर्यंत नेले. 'लोकांचा आनंद' हे बिरुद लोकांनी त्याला दिले, आणि त्याचा खेळ सुटल्यावरही ते परत घेतले नाही. तरीही १९८३ साली, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, मद्याने पोखरलेला व विपन्न असा तो वारला. अंत्यदर्शनास मात्र गर्दी लोटली.

मग ते प्रेम खोटे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. व्यसनाचा दोष त्याचा स्वतःचा होता, हेही खरे. परंतु जे सर्वांचे कर्तव्य, ते कोणा एकाचे उरत नाही. आणि तिकिटाचे पैसे मोजले की आनंदाचे ऋण फिटले, असे प्रेक्षक सहज मानतो. आज राजधानी ब्राझिलिया येथील क्रीडागारास त्याचे नाव आहे. नाव जपण्यास पाटी पुरते. माणूस जपण्यास शेजार लागतो.