'रन' म्हणजे धावणे, एवढ्यावरच थांबलात

वह्या मिटा आणि माना वर करा. खाली बघून बसलं की बोलणं टळतं, असं या वर्गात होत नाही.

चाचणीत एक सोपं वाक्य दिलं होतं, 'हिज फादर रन्स अ हॉटेल.' अधोरेखित शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घालायचा होता. निम्म्या वर्गानं 'स्प्रिंट्स' लिहिलंय, काहींनी 'जॉग्ज'. कारण गाईडच्या शेवटच्या पानांवर 'रन' लिहून पुढे बरोबरचं चिन्ह काढलंय आणि त्यापुढे हे शब्द ओळीनं छापलेत. इंग्रजी येत नाही म्हणून मी रागावलेले नाही. ते शिकवायलाच मी इथे उभी आहे. राग याचा आहे की एकानंही आपण लिहिलेलं वाक्य परत वाचलं नाही. ज्यांच्या घरी स्वतःचं हॉटेल आहे, पहाटे पाचला उठून वडील भट्टी पेटवताना जे रोज बघतात, त्यांनीसुद्धा हेच लिहिलंय. वडील काय करतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण इंग्रजीचा पेपर समोर आला की आपलं डोकं बाजूला ठेवायचं, ही सवय तुम्ही लावून घेतली आहे.

'रन' किती मोठा शब्द आहे ते ऐका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ बसले होते. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'कडे होता. एवढं आयुष्य ज्या शब्दासाठी माणसं देतात, त्याला तुम्ही एका मराठी शब्दात गुंडाळून मोकळे झालात.

६४५ अर्थ पाठ करा असं मी म्हणत नाही. तसं कोणी करत नाही, इंग्रज पोरंही नाही. मी म्हणते, शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. नाक 'रन' होतंय म्हणजे वाहतंय. नळ 'रनिंग' ठेवला म्हणजे उघडा ठेवला. दूध 'रन आउट' झालं म्हणजे संपलं. मधुमेह एखाद्या घराण्यात 'रन' होतो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, इंग्लंडमधला मात्र 'स्टँड' होतो, आपल्यासारखा उभा राहतो. आणि कर्म शोधा रे, कर्म! व्याकरणात ते उगाच शिकवलं का? 'धावणे' अकर्मक आहे. 'रन'पुढे हॉटेल, दुकान, शाळा, कारखाना असं कर्म आलं की तिथे 'चालवणे' आलं. शर्यत आणि मैल यांसारखे थोडे अपवाद सोडा. म्हणून तिथे 'मॅनेजेस' हवं होतं. हा एक प्रश्न स्वतःला विचारला असता तर चाचणीतले ते गुण गेले नसते.

क्रिकेटमध्ये तुम्हाला हे बरोबर कळतं. चेंडू सीमेपार गेला की फलंदाजांना पळावं लागत नाही, तरी फलकावर चार 'रन' लागतात आणि आपणही त्यांना चार धावाच म्हणतो. शब्द आपल्या मूळ अर्थापासून किती लांब गेला हे तुम्ही मैदानावर न शिकवता ओळखता.

आता कोणी म्हणेल, बाई, आम्ही मराठी माध्यमातले, आम्हाला कसं जमणार? हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, भावाला नोकरी लागते, आंबा गोड लागतो, घर लागतं, गाडीही लागते. 'लागणे'चे हे सगळे अर्थ तुम्हाला कोणी पाठ करायला लावले होते? तुम्ही ते वाक्यांतून उचललेत, कान देऊन. तोच कान इंग्रजीकडे द्यायचा आहे. आपल्याकडे दुकान चालतं, घड्याळ चालतं, यंत्र चालतं. इंग्रजीत यांतली बरीच कामं 'रन' करतो. मराठी येते म्हणूनच हे तुम्हाला लवकर कळायला हवं.

समानार्थी शब्दांचंही तेच. 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' हे तीन गाईडमध्ये एका ओळीत आहेत. पहिला जुन्या इंग्रजीतला, घरातला. दुसरा फ्रेंचमधून आला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत असे शेकडो शब्द इंग्रजीत शिरले. तिसरा लॅटिनमधून, विद्वानांच्या हातून. एकीनं निबंधात लिहिलंय की तिनं आजीला तब्येतीबद्दल 'इंटरॉगेट' केलं. अगं, तशी चौकशी पोलीस आरोपीची करतात. मराठीत कोणाच्या दारी सांत्वनाला गेलीस तर 'तुमचे आजोबा कधी खपले' असं विचारशील का? नाही विचारणार. मग इंग्रजीत ही समज कुठे जाते?

समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध संग्रह करणारा पीटर रॉजे हा डॉक्टर होता. त्यानं १८०५च्या सुमारास स्वतःसाठी याद्या करायला घेतल्या आणि पुस्तक १८५२ साली छापलं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्यात शब्द वर्णानुक्रमानं नव्हे, कल्पनांप्रमाणे लावले होते. काय म्हणायचंय ते ज्याच्या मनात तयार आहे, पण नेमका शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी ते होतं. तुमच्या मनात काही तयारच नसेल तर कुठलीही यादी काय देणार?

तुम्ही कष्ट केलेत हे मला दिसतं. पानंच्या पानं पाठ केलीत. म्हणूनच जास्त जीव तुटतो. त्याच वेळात दहा धडे मोठ्यानं वाचून झाले असते.

उत्तरपत्रिका परत देते आहे. मी लाल रेघ कुठेच ओढलेली नाही. चूक तुम्ही शोधायची, वाक्य मोठ्यानं वाचून. आणि उद्या प्रत्येकानं 'रन' असलेली पाच वाक्यं आणायची, धड्यातून, वर्तमानपत्रातून, औषधाच्या किंवा यंत्राच्या माहितीपत्रकातून, कुठूनही. स्वतः रचलेली नकोत. प्रत्येकाखाली मराठी अर्थ लिहायचा आणि पाचांत 'धावणे' एकदाच चालेल. गाईड घरी ठेवून या. पहिल्या बाकापासून वाचायला लावणार आहे.