मेस कुठे लावलीस?

आमच्या विभागाच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आहेत. प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-बावीस मुलं सोपवलेली असतात. त्यांचा मेंटॉर म्हणून महिन्यातून एकदा त्यांना भेटायचं आणि वहीत नोंद करायची. रकाने आखलेले असतात: हजेरी, मागच्या सत्राचे गुण, अडचण, सही. नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे पाहिलं जातं, त्यामुळे वह्या पूर्ण ठेवाव्या लागतात. पहिल्या वर्षी माझीही वही पूर्ण होती. अडचणीच्या रकान्यात मुलांनी बावीस वेळा एकच शब्द लिहिला होता, ‘नाही’.

त्यातला एक ‘नाही’ माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. परभणीकडचा मुलगा, दुसऱ्या वर्षाचा. अक्षर बारीक, पण पेन इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं. त्याची हजेरी घसरत होती आणि तो आकडा मी स्वतःच्या हातानं त्याच ओळीत लिहिला होता. तरी माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ते शिपाईमामांनी. ‘मॅडम, ते पोरगं दुपारी जेवत नाही. बाकीच्यांनी डबे उघडले की टाकीपाशी जाऊन बसतं.’

दुसऱ्या दिवशी मी त्याला अडचण विचारली नाही. विचारलं, ‘मेस कुठे लावलीस रे?’

तो बराच वेळ बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘बंद केलीय मॅडम, दिवाळीपासून. सकाळी पोहे, रात्री वडापाव. भागतंय.’

परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं. घरून पैसे येणं थांबलं होतं. दोन विषय राहिले होते, ते आईला सांगितलेलं नव्हतं. खोलीवरच्या मुलांना वाटायचं, हा रात्री अभ्यास करतो. खरं तर त्याला झोपच लागत नव्हती. ‘नाही’ लिहिलं त्या दिवशीही हे सगळं होतंच.

तो खोटं लिहीत होता असं मी म्हणणार नाही. मागे चार मुलं रांगेत उभी, वही पुढे कोणाच्या हातात जाणार ते माहीत नाही, घरी फोन जाईल की काय ही धास्ती. आणि अडचण सांगणं म्हणजे हात पसरणं, हे तर तो लहानपणापासून ऐकत आलेला. जेवणाचं विचारलं की मात्र पोरं बोलतात, कारण तसं घरचं माणूस विचारतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांची पोटं भरावीत म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण मूल शिकायला आलं म्हणजे आधी ते जेवलं का हे पाहायचं, हा त्यांचा क्रम आम्ही वह्यांचे रकाने आखताना विसरलो.

आणि न बोललेली अडचण कधी कधी जिवावर बेतते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. ही नेमणूक व्हायलाच हवी. झोप उडालेल्या मुलाचं पुढे काय करायचं, हे मला भौतिकशास्त्र शिकवताना कोणी शिकवलेलं नव्हतं. मी एवढंच केलं की समुपदेशकांच्या खोलीपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले. चिठ्ठी देऊन पाठवलं असतं तर तो जिन्यातूनच परत फिरला असता. ‘कमवा आणि शिका’ योजनेत त्याला ग्रंथालयात काम मिळालं, मेस पुन्हा सुरू झाली. राहिलेल्या दोन विषयांतला एक सुटला, दुसऱ्याला आणखी एक सत्र लागलं.

आता मी वही मिटलेलीच ठेवते. आधी मेसचं विचारते, मग खोलीवर कोण कोण आहे ते, मग घरी शेवटचा फोन कधी केला ते. एकेकाला, दार लोटून घेऊन. नोंद नंतर, मुलं गेल्यावर.

तुमच्याकडेही अशी वही असेल, तर या महिन्यात सही घेण्याआधी प्रत्येकाला जेवणाचं विचारा. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला १४४१६ हा आकडा लिहून ठेवा, मुलांनाही सांगा. तो टेली-मानसचा क्रमांक आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.