थोरपणाचें माप

भारतासारख्या विस्तीर्ण देशाचें वर्णन करूं लागलें कीं, लेखणीला 'सर्वांत' या शब्दाची गोडी लागते. सर्वांत उंच शिखर कांचनगंगा, ८,५८६ मीटर. सर्वांत अधिक पावसाचें गांव मेघालयांतील मौसिनराम, वार्षिक सरासरी ११,८७२ मिलिमीटर. आणि बारा महिन्यांतील पावसाचा उच्चांक शेजारच्या चेरापुंजीचा, १८६०-६१ मधील २६,४६१ मिलिमीटर. शाळेंतील मुलांना ही यादी तोंडपाठ असते व मोठ्यांनाही तिचा अभिमान वाटतो. या यादींत बीड जिल्ह्यांतील कपिलधारचें नांव नाहीं, व तें येण्याचा संभवही नाहीं. बालाघाटच्या डोंगरांत, मांजरसुंब्याजवळच्या एका दरींत, पावसाळ्यांत कड्यावरून धार कोसळते. तेथेंच 'परमरहस्य' हा मराठी ग्रंथ लिहिणारे वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथें दूरदूरच्या दिंड्या येतात. ज्या स्थळाला कोणत्याच बाबतींत पहिला क्रमांक नाहीं, त्याच्यापुढें हात जोडणारा मनुष्य अडाणी म्हणावयाचा, कीं पहिल्या क्रमांकाखेरीज कशापुढेंच ज्याची मान लवत नाहीं, तो?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं क्रमांक ही चीज काय आहे, तें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कांचनगंगा हेंच जगांतील सर्वांत उंच शिखर, असा समज होता. पुढें सर्वेक्षण खात्यांत राधानाथ सिकदार यांच्यासारख्या गणितज्ञांनीं आकडेमोड केली, आणि 'पंधरावें शिखर', म्हणजे आजचें एव्हरेस्ट, २९,००२ फूट उंच असल्याचें १८५६ सालीं जाहीर झालें. कांचनगंगेचा पहिला मान कागदावरील हिशेबानें गेला. पर्वतावरील एक खडाही हलला नाहीं. १९७५ सालीं सिक्कीम भारतांत सामील झालें, तेव्हां भारताच्या प्रत्यक्ष अंमलाखालील मुलुखांत हीच कांचनगंगा पहिली ठरली व ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी दुसरी झाली. याही वेळीं शिखरें जागच्या जागीं उभीं होतीं. सरकली होती ती सरहद्द. जो गुण दुसऱ्याच्या असण्यानसण्यावर अवलंबून राहतो, तो वस्तूचा स्वतःचा गुण कसा मानावा? क्रमांक हा आपल्या वहींतील धर्म आहे, पर्वताचा नव्हे.

येथें कोणी म्हणेल, 'मग मोजमापाचा खटाटोपच व्यर्थ काय?' तसें मुळींच नाहीं. शेकडों मैलांवरून कोन मोजून आणि वर्षानुवर्षें गणित करून पर्वताची उंची ठरविणारा मनुष्य त्या पर्वताला जितकें अवधान देतो, तितकें त्याची छायाचित्रें घेणारा क्वचितच देत असेल. ज्ञानानें आदर वाढतो. कपिलधारचा कडा ज्या काळ्या दगडाचा आहे, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून थरावर थर वाहून आलेला लाव्हारस होय, हें ठाऊक असणाऱ्या यात्रेकरूची भक्ति कमी कां व्हावी? मोजणाऱ्याची दृष्टि वस्तूवर खिळलेली असते. क्रम लावणाऱ्याची नजर मात्र वस्तूवरून उडून तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे, आणि शेवटीं स्वतःच्या अभिमानाकडे वळते. दोष मोजण्यांत नाहीं, मिरविण्यांत आहे.

हा भेद आचरणांत उतरलेला पाहावयाचा असेल, तर पुन्हां कांचनगंगेकडेच वळावें लागतें. २५ मे १९५५ रोजीं जॉर्ज बँड व जो ब्राउन हे दोघे गिर्यारोहक त्या शिखराजवळ पोहोंचले आणि माथा कांहीं फुटांवर असतांना थांबले. सिक्कीमच्या लोकांना तें शिखर पवित्र वाटतें, म्हणून माथ्यावर पाय ठेवावयाचा नाहीं, असें वचन देण्यांत आलें होतें. पहिल्या आरोहणाची कीर्ति त्यांना मिळाली ती मिळालीच; परंतु तेवढीं पावलें न टाकण्यांत जो विवेक दिसला, त्याची नोंद मीटरांत करतां येत नाहीं.

तथापि केवळ भक्तीची बाजू घेऊन मोकळें होणेंही बरें नव्हे. चेरापुंजीच्या परिसरांत पावसाळा सरल्यावर पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते. आकाशांतून आलेलें पाणी उतारावरून निघून जातें. उच्चांकानें तहान भागत नाहीं, हें तेथें दिसतें. आणि नमस्कारानेंही ती भागत नाहीं, हें आमच्याकडे दिसतें. बीड जिल्ह्यांतील पाऊस सरासरीनें सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवंशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. म्हणजे कपिलधारला दिंड्या येतात, तेव्हां अनेक घरांना कुलुपें लागलेलीं असतात. शेजारच्या लातूर शहराला तर २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत धारेपुढें हात जोडावयाचे आणि घरीं परतल्यावर कूपनलिका शंभर-दोनशे फूट आणखी खोल न्यावयाची, ही भक्तीही एक प्रकारें मिरविण्याचीच झाली.

तेव्हां आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल: हात जोडणारा अडाणी नव्हे, पण हात जोडून त्याचें काम संपतही नाहीं. 'हें स्थळ किती मोठें?' या प्रश्नाला आकडा दिला कीं विचारणारा समाधानानें निघून जातो. 'या स्थळाचें आमच्यावर किती ऋण?' या प्रश्नाला मात्र बसून उत्तर द्यावें लागतें, आणि तें उत्तर डोंगरमाथ्यावर राखलेल्या झाडोऱ्यांत, घातलेल्या बांधांत व उपशाला घातलेल्या मर्यादेंत दिसावें लागतें. पहिला क्रमांक देशांत एकाच शिखराला मिळतो. ऋण मात्र प्रत्येक तालुक्याच्या वांट्याला आलेलें आहे, आणि तें फेडण्यासाठीं हिमालयापर्यंत जाण्याचें कारण नाहीं.